ताटाकडून शेताकडे

कोल्हापूर शहरात रात्रीची जेवणे आटोपू लागली, की गंगावेशीकडचे दुधाचे कट्टे गजबजतात. रस्त्याच्या कडेला म्हैस शांतपणे रवंथ करीत उभी असते. गवळी तिच्या कासेला पाण्याचा हात लावतो, पेल्यात धार सोडतो आणि फेसाने काठोकाठ भरलेला तो पेला समोरच्या गिऱ्हाइकाच्या हाती देतो. म्हैस धडधाकट आहे की रोडावलेली, कास नीट धुतली की नाही, दुधात पाणी मिसळले की काय, यांपैकी एकही प्रश्न तेथे विचारावा लागत नाही. कारण प्रत्येकाचे उत्तर डोळ्यांपुढे उभे असते. तालमीतील मल्लांना धारोष्ण दूध मिळावे म्हणून शाहू छत्रपतींच्या काळात ही चाल पडली, असे शहरात सांगतात. तिचा उगम काही असो, ती आजवर टिकली याचे मोठे श्रेय पंढरपुरी जातीच्या म्हशीला दिले पाहिजे. तलवारीसारखी लांब शिंगे पाठीवर टाकून उभी राहणारी ही म्हैस इतकी समजूतदार असते, की दिव्यांचा झगमगाट, माणसांची दाटी आणि गाड्यांचे कर्णे यांनी ती बुजत नाही, आणि भररस्त्यातही पान्हवते. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशींची शिंगे रंगवून, त्यांना कवड्यांच्या माळा आणि मोरपिसे घालून मिरवतात, तेव्हा त्यांचे धनी आपल्या लेकीबाळी सजवाव्यात तशा हौसेने त्या सजवतात.

डोळ्यांची साक्ष नेहमीच पुरी पडते असे नाही. रोगजंतू डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून दूध उकळूनच प्यावे, असे वैद्यकशास्त्र बजावते, आणि कट्ट्यावरच्या शौकिनांनीही ते ऐकलेले बरे. परंतु खाणारा, जनावर आणि जनावराचा धनी ही तिघे एका ठिकाणी भेटतात, ही गोष्ट काही लहान नव्हे. आजच्या जगात अशी भेट दुर्मिळ झाली आहे. त्याच रात्री जिल्ह्यातील हजारो गोठ्यांत निघालेले दूध थंड होऊन टँकरांत भरले जाते आणि मुंबईच्या वाटेला लागते. सकाळी मुंबईतील एखाद्या बिऱ्हाडात त्या दुधाची पिशवी उघडली जाते, तेव्हा तेथील माणसाला म्हैस दिसत नाही, वैरण दिसत नाही, गोठा दिसत नाही. त्याला दिसते ती पिशवी, तिच्यावरची तारीख आणि किंमत.

आधुनिक शेतीने आणलेला सर्वांत मोठा पालट कोणता, असे विचारले, तर कोणी ट्रॅक्टरकडे बोट दाखवील, कोणी रासायनिक खतांकडे, तर कोणी विजेच्या पंपाकडे. ही साधने महत्त्वाची खरीच. परंतु या सर्वांहून खोल गेलेला पालट म्हणजे पिकवणारा आणि खाणारा यांच्यामध्ये पडलेले अंतर होय. पूर्वी शेतातले धान्य त्याच गावात शिजत असे. ते कसे पिकले हे खाणाऱ्याला ठाऊक असे, आणि आपले धान्य कोण खाणार हे पिकवणाऱ्याला ठाऊक असे. आज दोघेही एकमेकांना अनोळखी झाले आहेत. तरीही त्यांचे नाते तुटलेले नाही. उलट दूर बसलेल्या खाणाऱ्याची आवडनिवड शेतावर, गोठ्यावर आणि नदीवर आज जितकी सत्ता गाजवते, तितकी ती पूर्वी क्वचितच गाजवीत असेल. फक्त आपण सत्ता गाजवीत आहोत, हे त्या खाणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

या अंतराला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याने पुष्कळांचे कल्याणही केले आहे, हे विसरून चालणार नाही. १८९६-९७ च्या दुष्काळाने करवीर संस्थानातील रयत होरपळून निघाली. सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडायचा आणि ते सारे पाणी पावसाळ्यासरशी वाहून जायचे. उन्हाळ्यात नदीकाठचे रानही तहानलेले राहायचे. शाहू महाराजांनी १९०७ च्या सुमारास भोगावती नदी अडवण्याची योजना हाती घेतली. पैशाच्या अडचणीने ते काम मध्येच थांबले, आणि राधानगरीचे धरण पूर्णत्वास जाण्यास स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला. त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, महाराजांनी शाहूपुरी ही पेठ वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा करून दिली होती. पुढे नद्यांवर जागोजागी बंधारे झाले. लाकडी फळ्या घालून पाणी अडवणारे हे बंधारे साऱ्या महाराष्ट्रात 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणूनच ओळखले जातात. पाणी आले, तसा ऊस आला. ऊस आला, तशी गुऱ्हाळे वाढली आणि मग सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली. 'गोकुळ' या नावाने त्याचे दूध घरोघर पोहोचले. उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने हाती यायचे. दुधाचे पैसे ठरावीक दिवसांनी येऊ लागले. एक-दोन म्हशी सांभाळणाऱ्या भूमिहीनाच्या घरीही मीठमिरचीची आणि मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय त्यातून झाली. सगळे दूध कट्ट्यावरच विकायचे म्हटले असते, तर हे कधीच घडले नसते. मुंबईसारखे अफाट शहर गवळ्याच्या पेल्यावर जगू शकत नाही, आणि कोल्हापूरच्या खेड्यांतील गोठेही केवळ कोल्हापूर शहराच्या तहानेवर चालू शकत नाहीत.

ही गाठ किती घट्ट बसली आहे, याचा प्रत्यय २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला. पंचगंगा आणि कृष्णा यांना महापूर आला, शिरोलीजवळ पुणे-बंगळूरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस वाहतूक ठप्प झाली. खेड्यांत म्हशी दूध देत होत्या. पण ते संघापर्यंत न्यायला वाट नव्हती. तिकडे मुंबई-पुण्यात दुधाचा तुटवडा पडला. ज्यांनी कोल्हापूरचा नकाशाही कधी पाहिला नव्हता, त्यांना पंचगंगेची पातळी ही आपल्या चहाशी निगडित बाब आहे, हे त्या आठवड्यात कळले. पूर ओसरला, तसे ते ज्ञानही ओसरले असावे.

दूरच्या खाणाऱ्याला शेत दिसत नाही. मग तो वस्तूची पारख करतो तरी कशावरून? कोल्हापूरच्या गुळाची कथा या बाबतीत फार बोलकी आहे.

दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळे पेटतात. चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत ओततात. खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडे जळत असतात. म्हणजे रसही उसाचा आणि जळणही उसाचे. रस तापू लागला, की त्यात चुन्याची निवळी घालतात. भेंडीची झाडे ठेचून पाण्यात भिजवली, की एक बुळबुळीत चिकट द्रव निघतो. तोही रसात सोडतात. रसातला गाळ त्याला चिकटून फेसाबरोबर वर येतो आणि झाऱ्याने काढून टाकता येतो. मग रस आटत जातो, त्याचा रंग पालटत जातो, आणि सगळ्यांची नजर गुळव्याकडे लागते. गुळव्या हा गुऱ्हाळाचा प्राण होय. पाक ११८ अंशांच्या आसपास पोहोचला, की काहील उतरवली पाहिजे. पण त्याच्या हाती बहुधा तापमापक नसतो. तो पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो आणि हात वर करतो. क्षणभर उशीर झाला, तर पाक करपतो. क्षणभर घाई झाली, तर गूळ बसत नाही. पाक वाफ्यात ओतून घोटतात आणि साच्यात भरून त्याचे रवे पाडतात. शंभर किलो उसापासून जेमतेम दहा-बारा किलो गूळ मिळतो.

असा स्वच्छ केलेला गूळ निसर्गतः तांबूस, सोनेरी किंवा गडद तपकिरी होतो. हा रंग कोणाच्या लहरीने येत नाही. ज्या रानात खारट पाणी साचते, तेथील उसाचा गूळ खारट आणि काळपट होतो व टिकतही नाही. नत्रखताचा मारा केलेला, किंवा ते खत उशिरा दिलेला ऊस दिसायला हिरवागार आणि जोमदार. पण त्याच्या रसाचा गूळ उत्तम उतरत नाही. उलट निचऱ्याच्या जमिनीतला, बेताने खत-पाणी घेतलेला, पुरता पिकलेला ऊस आपोआपच उजळ आणि कणीदार गूळ देतो. म्हणजे गुळाचा मूळचा रंग ही शेताने दिलेली जबानी असते. जमीन कशी आहे आणि धन्याने तिला कसे वागवले, हे तो रवा न बोलता सांगत असतो.

आता बाजारात काय घडते ते पाहावे. बाजार समितीच्या आवारात सकाळी गुळाचे सौदे निघतात. अडते आणि व्यापारी रव्यांच्या रांगांपुढून फिरतात. रवा फोडून पाहतात, चाखतात. पण भाव ठरण्यात रंगाचा वाटा फार मोठा असतो. कोल्हापूरचा पुष्कळसा गूळ गुजरातेत जातो. तेथील गिऱ्हाइकाला आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकालाही पिवळाधमक गूळ आवडतो. त्याला तो 'स्वच्छ' वाटतो. म्हणून पिवळ्या रव्याला चढा भाव, आणि काळसर रव्याला उतरता. मग गुऱ्हाळमालकाने काय करावे? सोडियम हायड्रोसल्फाइट नावाची एक भुकटी मिळते. गुऱ्हाळावर तिला 'हायड्रॉस' म्हणतात. ती थोडीशी रसात टाकली, की कोणत्याही रसाचा गूळ पिवळा दिसतो. तिच्यातील गंधकाचा अंश गुळात उतरतो. त्यावर कायद्याने मर्यादा घातली आहे, ती काही उगाच नव्हे. गंमत अशी, की हा उसना पिवळेपणा टिकतही नाही. काही आठवड्यांनी असा गूळ पुन्हा काळवंडू लागतो. पण तोवर सौदा होऊन गेलेला असतो.

येथे दोष कोणाचा? भुकटी टाकणारा हात गुऱ्हाळातला आहे, हे उघड आहे, आणि मर्यादा ओलांडणाऱ्याला कायद्याने जाब विचारलाच पाहिजे. परंतु त्या हाताला हालवणारी इच्छा दूर कोठेतरी दुकानाच्या फळीपुढे उभी आहे. 'जरा पिवळा दाखवा हो,' असे म्हणणाऱ्या भल्या गृहिणीच्या मनात कोणाचे वाईट करावे असे नसते. तिला आपल्या घरच्या तिळगुळासाठी चांगला गूळ हवा असतो. तरीही तिचे ते एक वाक्य दुकानदाराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून अडत्याकडे आणि अडत्याकडून गुऱ्हाळाकडे हुकुमासारखे पोहोचते. याहून वाईट परिणाम शेतावर होतो. खारवट रानातला गूळ आणि कसदार रानातला गूळ एकाच रंगाचे दिसू लागले, म्हणजे जमीन जपणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या कष्टाचा मोबदला मिळेनासा होतो. शेताची जबानी पुसली जाते आणि साक्षीदारच मुका होतो.

दुधाचीही अशीच एक गुप्त मागणी असते. दुधाचा दर त्यातील स्निग्धांशावर ठरतो. गाईच्या दुधात तो साडेतीन-चार टक्के, तर म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के किंवा अधिकही असतो. दाट साय, घट्ट दही आणि कवडीदार चहा यांची आवड म्हशीला गोठ्यात टिकवून धरते. ही आवड नसती, तर कोल्हापूरच्या गोठ्यांचे रूप आजच्यापेक्षा निराळे दिसले असते. आवडीचा हा परिणाम चांगलाच म्हणावा लागेल. पण दूध अधिक हवे आणि स्वस्तही हवे, असा लकडा लागला, की त्याचा भार जनावरावर पडतो. ऊसतोडीच्या दिवसांत वाडे मुबलक आणि स्वस्त मिळतात. म्हणून कित्येक गोठ्यांत म्हशीपुढे दुसरे काही पडतच नाही. वाड्यात ऑक्झलेट नावाचा घटक असतो आणि तो जनावराच्या शरीरातील चुना बांधून टाकतो. नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस हाडांनी खचत जाते. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडावी आणि जोडीला कडबा व द्विदल वैरण द्यावी, असा सल्ला पशुवैद्य देतात, तो याच कारणाने. सरकीची पेंड दमट जागी ठेवली आणि तिला बुरशी आली, तर त्या बुरशीचे विष म्हशीच्या पोटातून दुधात उतरते. आजारी जनावराला औषध टोचले, तर त्यानंतर ठरावीक दिवस त्याचे दूध विक्रीला घालू नये, असा दंडक आहे. पण घरी दोनच म्हशी असलेल्या माणसाला त्या दिवसांचे नुकसान कोण भरून देणार? गोठ्यातली गोष्ट गोठ्यात राहत नाही, ती पेल्यापर्यंत येते. आणि पेल्यासाठी मोजलेली किंमत अपुरी पडली, तर ती कसर गोठ्यात कोठे ना कोठे भरून निघते.

या हिशेबात सर्वांत केविलवाणा जीव म्हणजे रेडकू. पारडी झाली, तर घरात आनंद. कारण ती उद्याची म्हैस. रेडा झाला, तर त्याच्या वाट्याचे दूधही मोजून पाहिले जाते. पूर्वी रेडे ओझी वाहत, मोटेला आणि औताला जुंपले जात. यंत्रे आली आणि त्यांचे काम गेले. दूध पिणाऱ्या प्रत्येक घराचा या रेडकाशी संबंध आहे, हे कोणाला सुचतही नाही; सुचले, तरी बोलणे अवघड वाटते. ऊस ओढणाऱ्या बैलांचीही दशा पाहण्यासारखी असते. बीडकडून आलेले ऊसतोडकरी आपल्या बैलगाड्यांत ऊस रचतात, तो गाडीच्या वर मनोऱ्यासारखा चढतो, आणि चढणीवर बैलांचे गुडघे वाकलेले दिसतात. साखरेच्या डब्यावर यातले काहीच लिहिलेले नसते.

राहता राहिली नदी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. कोल्हापूरच्या घाटावरून ती पूर्वेकडे वळते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत विलीन होते. या साऱ्या प्रवासात तिचे पाणी उसाला मिळते, आणि उसाची, शहराची व कारखान्यांची घाण तिला मिळते. शेतात जास्तीचे पडलेले खत पावसाबरोबर वाहून येते. कारखान्यांचे मळीमिश्रित पाणी सोडले गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला, की जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि शिरोळ तालुक्यातील तेरवाड बंधाऱ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसतात. मात्र हा सगळा दोष शेतीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कोल्हापूर शहराचे सांडपाणी जयंती नाल्यातून याच नदीला मिळत आले आहे, आणि इचलकरंजीच्या कापडउद्योगाचे रंगीत पाणीही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तेव्हा दूषित पाण्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजली. २०२३ साली कोल्हापूर शहराने दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून थेट नळाने पाणी आणले. ज्याने त्याने वरच्या अंगाचे स्वच्छ पाणी मागायचे आणि खालच्या अंगाला आपले मैले सोडायचे, ही रीत फार काळ चालेल असे दिसत नाही. इचलकरंजीनेही दूधगंगेचे पाणी मागितले, तेव्हा त्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि पाणी पिणारे व पाणी पिकाला देणारे एकमेकांसमोर उभे ठाकले. नदी दूषित झाली नसती, तर या भांडणाला एवढे कारणच उरले नसते.

नदीच्या खालच्या टोकाला, शिरोळकडे, जमिनीचे दुखणे दिसते. तेथील काळी माती भारी आहे. तिच्यातून पाणी सहज निचरत नाही. उपसा सिंचनाने पाणी भरपूर आले आणि पाटाने ते सोडण्याची सवय लागली. जास्त पाणी म्हणजे जास्त ऊस, असा समज झाला. वर्षानुवर्षे साचलेल्या त्या पाण्याबरोबर जमिनीतले क्षार वर आले, वर पांढरा थर धरला आणि सोन्यासारखी राने क्षारपड झाली. ज्या पाण्यासाठी पूर्वजांनी देवाला साकडे घातले, तेच पाणी अतिरेकाने शाप ठरले. या रानांवर उपाय होऊ शकतो, हेही शिरोळनेच दाखवून दिले आहे. तेथील श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकरी एकत्र आले आणि जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून साचलेले पाणी व क्षार बाहेर काढण्यात आले. हे काम एकट्याने होत नाही. कारण एकाच्या रानातले पाणी दुसऱ्याच्या रानातूनच बाहेर काढावे लागते. काही वर्षांपूर्वी जेथे गवतही उगवत नव्हते, तेथे पुन्हा पिके डोलू लागली. अशा सुधारलेल्या रानातल्या उसाचा गूळ कसा होतो, हे विचारायला मात्र बाजारात कोणी थांबत नाही.

कोणी म्हणेल, की हे सगळे खाणाऱ्याने का पाहावे? त्याला आपला संसार आहे. महिन्याच्या पगारात घरभाडे, औषधपाणी आणि मुलांचे शिक्षण भागवायचे आहे. स्वस्त मिळेल ते तो घेणारच. हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. गरिबाने महाग गूळ घेऊन नदी शुद्ध करावी, असे सांगणे हा उद्धटपणा होईल. परंतु पिवळा गूळ स्वस्त नसतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो तांबूस गुळाहून महागच असतो. लोक त्या रंगासाठी खिशातून अधिक पैसे मोजतात. म्हणजे येथे आड येते ते दारिद्र्य नव्हे, तर अज्ञान. आणि अज्ञान दूर करायला पैसा लागत नाही. दुधाचे मात्र तसे नाही. निरोगी जनावर आणि स्वच्छ गोठा यांना खर्च येतो, आणि तो पिणाऱ्याने, संघाने आणि सरकारने मिळून उचलावा लागेल. नदी तर कोणा एका गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली गोष्टच नाही. तेथे कायदा हवा आणि तो अमलात आणणारी माणसे हवीत.

आवडनिवड बदलली, की शेतही बदलते, याची उदाहरणे याच जिल्ह्यात सापडतात. आजऱ्याकडच्या डोंगराळ भागात घनसाळ नावाचा सुवासिक भात होतो. त्याचे उत्पन्न कमी. त्यामुळे अधिक पीक देणाऱ्या सुधारित वाणांपुढे तो मागे पडू लागला होता. पण शिजताना दरवळणाऱ्या त्या वासाची ओढ असणारे लोक त्याच भाताची मागणी करीत राहिले, आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूरच्या गुळाला असे मानांकन २०१४ मध्येच मिळाले आहे. मानांकनाचा अर्थ एवढाच, की दुसऱ्या ठिकाणच्या मालाने हे नाव लावू नये. तरीही बाहेरचा गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो आणि गुळात साखर मिसळण्याचेही प्रकार घडतात. कागदावरचा शिक्का कट्ट्यावरच्या डोळ्यांची जागा पुरती घेऊ शकत नाही. शिक्क्याच्या पाठीशी तपासणी हवी, आणि तपासणीच्या पाठीशी 'हा गूळ कोठला, कशाने स्वच्छ केला?' असे विचारणारे गिऱ्हाईक हवे.

असे विचारणारे थोडे थोडे लोक पुढे येऊ लागले आहेत. भुकटीविना केलेल्या गुळाचे लहान रवे आणि वड्या कोल्हापूरच्या दुकानांत वेगळ्या मांडलेल्या दिसतात. त्यांचा रंग गडद असतो, आणि 'हा असा काळा का?' हा प्रश्न दुकानदाराला अजून दिवसातून अनेकदा ऐकावा लागतो. कोल्हापुरातील ऊस व गूळ संशोधन केंद्राने भेंडीसारख्या वनस्पतींनी रस स्वच्छ करण्याची जुनी रीत शास्त्राच्या कसोटीवर पारखून पाहिली आहे. रीत तीच, फक्त कोणत्या रसाला किती चिकट द्रव लागतो आणि तो कोणत्या वेळी घालावा, हे आता नेमके ठाऊक झाले आहे. ज्या गुऱ्हाळमालकांनी ती रीत सोडलेली नाही, त्यांच्या गुऱ्हाळाच्या कडेला, पाण्याच्या पाटालगत, पावसाळ्यातच भेंडीच्या दोन-चार ओळी लावलेल्या असतात. त्यांच्या शेंगा बाजारात जात नाहीत. जून होईपर्यंत ती झाडे तशीच उभी ठेवतात. चुलवाण पेटले, की पहाटे कोणीतरी विळा घेऊन जातो, झाडे कापून आणतो, दगडावर ठेचतो आणि पिंपात भिजत घालतो. तासाभराने गुळव्या येतो, पिंपात हात बुडवतो, दोन बोटांमध्ये तो द्रव ताणून त्याची तार पाहतो, आणि काहिलीकडे वळतो.